साठ तुकड्यांचा एक सेकंद: टास करायला बसताना

रब्बीच्या दिवसांत आमच्या भागात थ्री फेज पाळीनं येते. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याच्या ओलितासाठी जागणं आलं. मोटर सुरू करायची, पाइप सरकवायचे, स्प्रिंकलर फिरू लागले की पुढचे दोन-अडीच तास नुसतं बसायचं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरातल्या खोलीत बसून त्या वेळात मी मारिओ पळवतो. 'खेळतो' असं म्हणत नाही, कारण एका रात्रीत माझा मारिओ फार तर एका पाइपापासून दुसऱ्या पाइपापर्यंत जातो.

काकानं एकदा डोकावून विचारलं, "काय करून रायला बे?"

"टास करून रायलो, काका."

"तास? इतक्या रात्री? कोनाच्या वावरात?"

डवऱ्याच्या तासाशी याचा काही संबंध नाही, हे मी सांगितलं खरं. पण स्क्रीनवरच्या त्या शेकडो सरळ ओळी पाहून त्याला काही ते पटलं नाही.

यूट्यूबवर मारिओचा एखादा अशक्य वाटणारा व्हिडिओ पाहून 'आपल्याला हे जमेल का' असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जमतं. बोटं चपळ नसली तरी जमतं, आणि गावातलं नेट रडतखडत चालत असलं तरी जमतं.

टास म्हणजे काय

तळेगाव दशासरचा शंकरपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना स्पीडरन समजावून सांगायची गरज नाही. जोडी सुटते, घड्याळ सुरू होतं, सेकंदाच्या छोट्या हिश्शावर निकाल लागतो. स्पीडरन तेच: गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत कमीत कमी वेळात संपवायचा. आता कल्पना करा, धुरकऱ्याला प्रत्येक टापेला काळ थांबवता आला, पाऊल चुकलं तर तेवढंच पाऊल मागं घेऊन पुन्हा टाकता आलं, तर ती जोडी किती वेगानं पळेल? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन, थोडक्यात टास.

जुन्या निन्टेन्डोच्या मशीनवर चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा बदलतं, नेमकं सांगायचं तर ६०.०९८८ वेळा. अशा एका चित्राला फ्रेम म्हणायचं. प्रत्येक फ्रेमला मशीन कंट्रोलरला विचारतं, कोणती बटणं दाबली आहेत? बटणं एकूण आठ. टास करणारा माणूस प्रत्येक फ्रेमसाठी या आठ बटणांचं उत्तर आधीच लिहून ठेवतो. हीच त्याची कलाकृती. व्हिडिओ नंतर बनतो; मूळ वस्तू म्हणजे बटणांची यादी. गेममध्ये काहीही फेरफार केलेला नसतो. तीच यादी खऱ्या मशीनला दिली तर तिथंही मारिओ तसाच पळायला हवा.

'मग ही चीटिंगच की' असं म्हणणारे भेटतील. माणसाच्या विक्रमाच्या यादीत टास घुसवला तर ती चीटिंगच आहे, त्यात वाद नाही. पण टास वेगळ्या रकान्यात बसतो, आणि करणारा तो टास म्हणूनच दाखवतो.

आधी पाहा

पहिला आठवडा काहीच करू नका, फक्त पाहा. 'टूल-असिस्टेड' हा शब्द १९९९ च्या सुमारास डूम खेळणाऱ्यांमध्ये रुजला. जगाला वेड लागलं ते २००३ मध्ये. मोरिमोतो नावाच्या जपानी माणसाचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा ११ मिनिटांचा व्हिडिओ इंटरनेटवर फिरला. कुणीतरी हातानं खेळलंय असंच पुष्कळांना वाटलं. खरं कळल्यावर काही जण चिडले, काही जण 'हे कसं केलं' म्हणून कामाला लागले. त्याच डिसेंबरमध्ये बिस्क्विट या नावानं वावरणाऱ्या फिनलंडच्या प्रोग्रॅमरनं अशा व्हिडिओंसाठी जागा उभी केली. तीच पुढं टासव्हिडिओज झाली. मोरिमोतोच्या त्या फाइलमध्ये रीरेकॉर्डची संख्या आहे ४०,२६८. म्हणजे इतक्या वेळा तो मागं जाऊन पुन्हा चालला. हा आकडा मी एका कागदावर लिहून खोलीत चिकटवलाय.

पाहायला सुरुवात मात्र पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्सपासून करा. १९८५ चा गेम, सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेला. हॅपीली या टासरची २०११ ची ४ मिनिटं ५७.३१ सेकंदांची रन शोधा. हा वेळ मशीनचं बटण दाबल्यापासून मोजलेला आहे. माणसांच्या विक्रमात घड्याळ उशिरा सुरू होतं, त्यामुळं आकडे थेट ताडून पाहू नका. नाहीतर माणूस टासपेक्षा वेगवान आहे असा भलताच निष्कर्ष निघेल. निफ्टस्की या खेळाडूनं २०२१ मध्ये ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत येऊन दाखवलं, आणि आता एकाच पद्धतीनं मोजलं तर माणूस आणि टास यांच्यातलं अंतर अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी उरलंय.

एकदा नुसती मजा म्हणून पाहा. दुसऱ्यांदा अर्ध्या वेगानं पाहा आणि प्रत्येक उडीला स्वतःला विचारा, काहून इथंच उडला?

काय काय लागेल

कॉम्प्युटर जुना चालतो. फ्रेम-फ्रेम पुढं जायचंय, त्यामुळं मशीन अडखळलं तरी काही बिघडत नाही. माझा लॅपटॉप सेकंडहँड आहे आणि त्याची बॅटरी वीस मिनिटंही टिकत नाही.

इम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. टाससाठी साधा इम्युलेटर पुरत नाही. थांबवणं, एक फ्रेम पुढं जाणं, बटणं फाइलमध्ये नोंदवणं, हे सगळं त्यात असावं लागतं. नवख्यानं एफसीईयूएक्स घ्यावा. तो फुकट आहे, हलका आहे आणि त्याच्यातला टास एडिटर शिकायला सोपा आहे. बिझहॉकही फुकटच, आणि त्यात निन्टेन्डोसोबत इतर पुष्कळ मशीनं चालतात. पण तो थोडा जड आहे आणि सुरुवातीलाच त्याचे मेनू पाहून माणूस गांगरतो. मी गांगरलो होतो.

आता गेमचं. आपण लहानपणी यात्रेतून आणलेल्या '९९९९ इन १' कॅसेटा बहुतेक नकलीच होत्या, तेव्हा त्या आठवणीवर जाऊ नका. गेमची फाइल, म्हणजे रॉम, कॉपीराइटखाली येते आणि ती फुकट वाटण्याचा हक्क कुणाला नाही. स्वतःची खरी कॅसेट असेल तर तिच्यावरून काढलेली प्रत वापरा. ती नसेल तर होमब्रू घ्या: हौशी प्रोग्रॅमरांनी त्याच मशीनसाठी अलीकडे बनवून फुकट दिलेले गेम. अल्टर इगो हा त्यातला एक, कोड्यांचा. शिकायला असा गेम उलट बरा, कारण त्यात तुमची तुलना वीस वर्षं घासलेल्या विक्रमाशी होत नाही. पुढची उदाहरणं मात्र मी मारिओचीच देतो, ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात म्हणून.

आणखी एक. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वाले. म्हणून लहानपणीच्या मारिओची चाल आठवणीत किंचित वेगळी असेल. टास बहुतेक एनटीएससीवर, म्हणजे ६० वर करतात. इम्युलेटरमध्ये रीजन एनटीएससी ठेवा.

सेटिंग एकदाच, मग हात लावायचा नाही

पीपीयू, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपची नक्कल, जुना की नवा, रीजन कोणता, रॉम कोणती, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. मी पहिल्या टासच्या तिसऱ्या रात्री सहज म्हणून पीपीयूचं सेटिंग बदललं. दुसऱ्या दिवशी फाइल चालवली तर मारिओ पहिल्या खड्ड्यापर्यंत ठीक गेला, उडी एक फ्रेम चुकली आणि पडला. मागं कुणीच नसताना बाकीची यादी तशीच चालू राहिली, रिकाम्या बंडीसारखी. याला डीसिंक म्हणतात. यादी बरोबर असते, जग बदललेलं असतं. मला वाटलं फाइल खराब झाली, आणि मी ती खोडली. तुम्ही खोडू नका. आधी सेटिंग तपासा.

पहिली रात्र

एफसीईयूएक्समध्ये रॉम उघडा, टूल्समधून टास एडिटर सुरू करा. समोर लांबच लांब तक्ता येतो. आडवी प्रत्येक ओळ म्हणजे एक फ्रेम, उभा प्रत्येक रकाना म्हणजे एक बटण. रकान्यात क्लिक केलं की त्या फ्रेमला ते बटण दाबलं गेलं. माउस ओढला की तेवढ्या ओळी भरतात. उजवं बटण दाबून धरून चाक फिरवलं की एक-एक फ्रेम मागं-पुढं जाता येतं. जिथवर जाऊन आलात तो पट्टा हिरवा दिसतो, म्हणजे तिथं लगेच परतता येतं. एडिटर न उघडता नुसतं फ्रेम-फ्रेम पुढं जायचं असेल तर बॅकस्लॅशची कळ दाबा.

पहिलं काम लहान ठेवा: गेम लवकरात लवकर सुरू करणं. पहिल्या पडद्यावर स्टार्ट कोणत्या फ्रेमला चालतं? अंदाजानं एका ओळीत स्टार्ट भरा आणि पुढं जाऊन पाहा. गेम सुरू झाला का? मग एक ओळ वर सरका. पुन्हा पाहा. चालेनासं झालं की एक ओळ खाली या. तीच सगळ्यात लवकरची फ्रेम. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि अख्खा टास याच रीतीनं होतो: करून पाहा, एक फ्रेम अलीकडं आणा, मोडलं की परत या.

मग १-१, म्हणजे पहिल्या जगाचा पहिला टप्पा. उजवं आणि बी हे दोन रकाने खालपर्यंत भरून टाका आणि चालवा. मारिओ पळत जाऊन पहिल्या गुम्बाला, म्हणजे समोरून चालत येणाऱ्या वैऱ्याला, धडकून मरेल. मरू द्या. आता मागं या आणि ए कुठं दाबायचं ते शोधा. एक फ्रेम दाबलं तर छोटी उडी, जास्त दाबलं तर मोठी. नवख्याची सवय असते मोठी उडी मारायची, कारण हातानं खेळताना तीच सुरक्षित वाटते. इथं सुरक्षिततेचा प्रश्नच नाही. गुम्बाच्या डोक्यावरून केसाएवढ्या अंतरानं गेलं तरी गेलं.

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका

खरी गोडी इथून पुढं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

त्या मशीनची स्वतःची मेमरी अवघी २ केबी. मारिओ कुठं आहे, किती वेगात आहे, टायमर किती उरला, हे सगळं त्या २ केबीत कुठं ना कुठं आकड्याच्या रूपात लिहिलेलं असतं. एफसीईयूएक्सच्या रॅम वॉचमध्ये पत्ता टाकला की आकडा समोर दिसतो. पहिल्या मारिओत आडव्या वेगाचा पत्ता आहे ००५७, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत. पळताना तिथं जास्तीत जास्त २८ येतं, तेही हेक्समध्ये. आपल्या हिशोबात ४०. सोळा एकक म्हणजे एक पिक्सेल, म्हणून पूर्ण वेग झाला फ्रेमला अडीच पिक्सेल. बी न दाबता चाललं तर आकडा हेक्समधल्या १८ वर (आपले २४), म्हणजे दीड पिक्सेलवर अडकतो.

हा आकडा डोळ्यांसमोर आला की टास बदलतो. पाइपाच्या कडेला मारिओ किंचित घासला, पडद्यावर काहीच दिसत नाही. पण ००५७ मधला आकडा शून्यावर पडलेला असतो आणि पुन्हा २८ गाठायला कितीतरी फ्रेम जातात. तुम्हाला वाटतं 'मस्त उडी झाली', आकडा सांगतो की नुकसान झालं. आडतीत कापूस मोजताना डोळा सांगतो एक, काटा सांगतो दुसरं, तसंच हे.

दुसऱ्या गेमचे पत्ते तयार मिळाले नाहीत तर रॅम सर्चनं शोधा. मारिओ उजवीकडं चालवा आणि 'वाढलेले आकडे' मागवा, थांबवा आणि 'न बदललेले' मागवा, पुन्हा चालवा. चाळणीतून गाळत गेल्यासारखे चार-पाचच पत्ते उरतात. त्यातला कोणता आपला ते एक-एक बदलून पाहून कळतं.

नशीब, म्हणजे काय ते

हातानं खेळणाऱ्याला वाटतं, हातोडीवाला कासव आज नडला, उद्या नडणार नाही. टासमध्ये नशीब नावाची गोष्ट नसते. पहिल्या मारिओत यादृच्छिक आकडे सात बाइटच्या एका छोट्या साखळीतून निघतात. सुरुवात दर वेळी सारखीच आणि साखळी प्रत्येक फ्रेमला पुढं सरकते. म्हणजे तुम्ही एक फ्रेम आधी पोचलात तर हातोडी वेगळी पडेल, दोन फ्रेम आधी पोचलात तर आणखी वेगळी. मग युक्ती काय? एखाद-दुसरी फ्रेम मुद्दाम घालवून पाहायची, आणि वैऱ्याला आपल्याला हवं तसं वागायला लावायचं. दोन फ्रेम खर्चून वीस वाचल्या तर सौदा चांगला.

एका पडद्यावर फार वैरी जमले की मशीन दमतं आणि एखाद्या फ्रेमला बटणांकडं बघतच नाही. त्याला लॅग म्हणतात. टास एडिटरमध्ये अशी ओळ लालसर दिसते. तिथं तुम्ही काहीही लिहा, ऐकणारं कुणी नसतं.

एसटीचा हिशोब

पहिल्या मारिओत एक विचित्र नियम आहे आणि तो न कळल्यानं मी दोन रात्री वाया घालवल्या. १-१ मध्ये मी पाच फ्रेम वाचवल्या. पुढचा टप्पा मात्र पूर्वी ज्या फ्रेमला सुरू व्हायचा त्याच फ्रेमला सुरू झाला. पुन्हा चार वाचवल्या. तरी तेच.

कारण टप्पा संपला की गेम पुढं जाण्यासाठी एका टायमरची वाट पाहतो आणि तो टायमर २१ फ्रेमांनी एकदाच सरकतो. याला फ्रेमरूल म्हणतात, आणि जगभरचे मारिओवाले तो बसचं उदाहरण देऊनच समजावतात. आपल्याला तर ते सांगायलाच नको. फाट्यावर तुम्ही नऊला पोचा की सव्वानऊला, दारव्ह्याची एसटी साडेनऊलाच निघणार. धावत-पळत आलात म्हणून ड्रायव्हर आधी सोडत नाही. पण तेवढ्या धावण्यानं आधीची गाडी मिळणार असेल तर मात्र अर्धा जीव काढून पळावं. २१ फ्रेम म्हणजे सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. तेवढा वाचणार असेल तरच त्या टप्प्यावर घाम गाळा. नाहीतर पुढं चला. शेवटचा ८-४ तेवढा या नियमातून सुटतो, तिथं कुऱ्हाडीला हात लागला की घड्याळ थांबतं, म्हणून तिथली प्रत्येक फ्रेम मोलाची.

मोठे विक्रम या आधीच्या गाड्या पकडण्यातूनच झाले आहेत. झेंड्याच्या खालच्या ठोकळ्यात नेमक्या जागी घुसलं की झेंडा उतरण्याचा वेळ वाचतो. ४-२ मध्ये पडदा नेहमीपेक्षा किंचित कमी सरकू दिला की गेमला कळत नाही मारिओ कोणत्या पाइपात शिरला, आणि वेलीवर न चढताच तो थेट आठव्या जगाच्या वाटेवर निघतो. या युक्त्या पहिल्याच महिन्यात करायला जाऊ नका. आधी साधा १-१ आकड्यांवर नजर ठेवून पूर्ण करा. माझ्या पहिल्या १-१ ला नऊशेच्या वर रीरेकॉर्ड लागले, आणि तरी तो हॅपीलीच्या जवळपासही नव्हता.

डावं-उजवं एकदम दाबायची परवानगी इम्युलेटरमध्ये देता येते. खऱ्या कंट्रोलरवर अंगठ्यानं ते होत नाही. झेल्डा २ या गेममध्ये त्यानं नायक लिंक सुसाट सुटतो. टासमध्ये ते चालतं.

वही, खुणा, बॅकअप

टास एडिटरमध्ये दहा बुकमार्क मिळतात आणि त्यांच्या फांद्या झाडासारख्या दिसतात. एखादी नवी कल्पना सुचली की आधी बुकमार्क टाका, मग मोडतोड करा. मार्करवर चिठ्ठी लिहिता येते. 'इथं ३ फ्रेम वाचतील बहुतेक' असं लिहून झोपलात तर दुसऱ्या रात्री डोकं खाजवावं लागत नाही. मी शिवाय कागदी वही ठेवतो: टप्पा, फ्रेम, काय करून पाहिलं, का जमलं नाही. जमलेलं सगळे लिहितात. न जमलेलं लिहिलं नाही तर दोन महिन्यांनी तीच चूक पुन्हा हौसेनं होते.

लाइटीचा भरवसा नसेल तर ऑटोसेव्ह चालू करून अंतर कमी ठेवा, सेव्हिंगच्या पर्यायांत ते सापडेल. आठवड्यातून एकदा प्रोजेक्टची फाइल स्वतःलाच व्हॉट्सअपवर पाठवून ठेवा.

दाखवायचा कसा

प्रोजेक्टमधून एफएम२ फाइल काढा. ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते: एका फ्रेमला एक ओळ, दाबलेल्या बटणाचं अक्षर, न दाबलेल्याच्या जागी टिंब. हॅपीलीची पावणेपाच-पाच मिनिटांची रन म्हणजे १७,८६८ फ्रेम, आणि झिप केली की एवढी यादी एका फोटोपेक्षाही लहान होते. पुसदच्या माझ्या दोस्ताला मी टू-जी सारख्या नेटवरून सबंध टास पाठवलेला आहे. त्याच्याकडं चालला नाही, कारण त्याची रॉम वेगळी निघाली. म्हणून फाइलसोबत रॉमची आवृत्ती आणि इम्युलेटरचा नंबर कायम लिहा.

व्हिडिओ टाकलात तर शीर्षकातच 'टास' असा शब्द ठेवा. टासव्हिडिओजकडं पाठवायचा असेल तर आधी त्या गेमचा चालू विक्रम पाहा. परीक्षक फाइल स्वतः चालवून बघतात, आणि कुठं वेळ सांडलाय ते फ्रेमच्या नंबरासकट दाखवतात. पहिल्यांदा ते अंगाला लागतं. दुसऱ्यांदा आपणच आधी शोधून ठेवतो.

खऱ्या मशीनवरही हे सगळं चालतं का, अशी शंका काका अजून काढतो. त्याला मी जानेवारी २०१४ मधला गेम्स डन क्विक या स्पीडरनच्या मेळाव्याचा व्हिडिओ दाखवला. टासबॉट नावाच्या यंत्रानं खऱ्या सुपर निन्टेन्डोला कंट्रोलरच्या वायरीतून एवढ्या वेगानं बटणं पुरवली की चालू सुपर मारिओ वर्ल्डच्या आत पाँग आणि सापाचा गेम उभा राहिला. काका शेवटपर्यंत पाहत बसला. मग म्हणाला, "ते ठीक हाय. पन मोटर कवापासून बंद हाय, पाहाय जाऊन."

फेज गेला होता. प्रोजेक्ट सेव्ह केला आणि टॉर्च घेऊन निघालो.